आजीची सही

गेल्या वर्षी लोकसाहित्याच्या पेपरसाठी आम्हा चौघींना एक प्रकल्प करायचा होता. विषय सोपा वाटला म्हणून घेतला: जात्यावरच्या ओव्या. आमच्यातल्या एकीची मावशी खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहते, तिच्या ओळखीनं आम्ही एका आजीकडे पोचलो. जातं केव्हाच बंद पडलेलं. परसात पालथं पडलंय, त्याच्यावर कोंबड्या बसतात. आजी सोप्यात बसून तांदूळ निवडत होती. आधी म्हणाली, "मला कुठलं आता आठवतंय." मग निवडता निवडताच सुरू झाली ती चाळीस मिनिटं थांबली नाही.

पण गाणं सुरू व्हायच्या आधी एक गोष्ट घडली होती, तेव्हा आम्हाला ती फारच किरकोळ वाटली. प्रकल्पाला संमतीपत्र जोडायचं होतं. आम्ही ते नेटवरून उतरवून घेतलेलं, एक पान, सगळं इंग्रजीत. आजीनं कागद हातात घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि विचारलं, "सही कशाला गं? जमिनीचं काय हाय का?" आम्हाला हसू आलं. "काही नाही आजी, कॉलेजचं आहे. फक्त सही करा." तिनं एकेक अक्षर जोडत सावकाश सही केली.

पुढं तिनं भावाच्या ओव्या म्हटल्या. ओवीतला भाऊ कसा असतो ते आपण वर्गात शिकलोच आहोत. तो घोड्यावरून येतो, बहिणीला चोळी-लुगडं करतो, माहेरची वाट त्याच्यामुळं गोड होते. आजीच्या काही ओव्यांतला भाऊ मात्र तसा नव्हता. त्यानं बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली होती आणि नंतर भाऊबीजेला यायचं सोडलं होतं. या ओव्या तिनं कुणाकडून ऐकलेल्या नव्हत्या, स्वतः रचलेल्या होत्या. त्या मी इथं देणार नाही. का, ते पुढं येईलच.

आम्ही परत आलो ते जवळजवळ उड्या मारतच. सेमिनारमध्ये मी तो भाग वाचला, रेकॉर्डिंग ऐकवलं. 'स्त्रीचा बंडखोर आवाज' असं मी शीर्षक दिलं होतं. टाळ्या पडल्या, गुणही चांगले मिळाले. कुणीतरी ती क्लिप वर्गाच्या ग्रुपवर मागितली, मी टाकली. तिथून ती कुठं कुठं गेली हे मला आजही नीट सांगता येणार नाही. एवढं माहीत आहे की महिनाभरात ती आजीच्या भावाच्या नातवाच्या मोबाईलवर होती. आवाज ओळखू येतच होता, शिवाय सुरुवातीला मी तिचं नाव आणि गाव स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. बऱ्याच वर्षांनी भाऊ आजीकडच्या एका लग्नाला येणार म्हणून ठरलं होतं. तो आला नाही.

हे मला कळलं ते प्रकल्पाची प्रत द्यायला गेले तेव्हा. आजी रागावली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. तिनं चहा केला, प्रत बाजूला ठेवली आणि म्हणाली, "पोरी, मी तुज्याम्होरं म्हटलेलं. गावाम्होरं न्हाई."

त्या वाक्यानंतर मी जे वाचलं, विचार केला, ते इथं मांडतेय. माझं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर असं: माणसांकडून काही ऐकून, विचारून, टिपून आपण जे संशोधन करतो, त्यात त्या माणसांचं रक्षण करण्याची जबाबदारी मराठी विभागावरही तेवढीच आहे जेवढी वैद्यकीय महाविद्यालयावर. आणि सध्या ती आपण कुणीच घेत नाही.

माझी एक शाळासोबती बेळगावातच डॉक्टरी शिकते. तिला रुग्णांना साधी प्रश्नावली द्यायची होती, औषध नाही की सुई नाही, तरी आधी इथिक्स कमिटीची परवानगी लागली. प्रश्न मराठीत आणि कन्नडमध्ये करून दाखवावे लागले. ती वैतागली होती, आणि मी तिला म्हटलं होतं, "बरं आहे बाई आमचं, आम्हाला असलं काही नाही."

तिच्याकडे हे नियम आले ते माणसांनी फार मोठी किंमत मोजल्यावर. नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहिता आली. तिचं पहिलंच कलम सांगतं की ज्याच्यावर प्रयोग करायचा त्याची स्वेच्छेनं दिलेली संमती हवीच. पण संहिता लिहून झाली तरी अमेरिकेत टस्कगीचा अभ्यास चालूच होता. अलाबामा राज्यातल्या ६०० गरीब काळ्या पुरुषांवर सरकारी आरोग्य खात्यानं १९३२ पासून तो चालवला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना ते सांगितलं गेलं नाही, आणि पेनिसिलिन हातात आल्यावरही दिलं गेलं नाही, कारण रोग पुढं कसा वाढतो ते बघायचं होतं. १९७२ मध्ये वर्तमानपत्रांत बातमी फुटली तेव्हा तो थांबला. त्यातून १९७४ चा कायदा आला आणि १९७९ मध्ये बेलमाँट अहवाल. त्या अहवालानं तीन गोष्टी मागितल्या: माणसाचा मान राखा, त्याचं भलं बघा, आणि संशोधनाचा भार नि फायदा न्यायानं वाटा.

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, मार्गदर्शक तत्त्वं आहेत. साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मला त्यांच्यात एक शब्दाचा बदल सापडला. २००० सालच्या तत्त्वांच्या इंग्रजी शीर्षकात माणसांसाठी 'सब्जेक्ट्स' हा शब्द होता, २००६ मध्ये तिथं 'पार्टिसिपंट्स' आला. ज्याच्यावर संशोधन करायचं तो, याऐवजी जो संशोधनात भाग घेतो तो. २०१७ ची तत्त्वंही हाच शब्द वापरतात. मात्र ती आहेत वैद्यकीय आणि आरोग्याशी संबंधित संशोधनासाठी. सोप्यात बसून ओव्या म्हणणारी आजी त्यांत बसत नाही.

अमेरिकेनं तर हे लिहूनच टाकलंय. २०१७ मध्ये तिथल्या नियमांची जी सुधारित आवृत्ती आली, तिनं मौखिक इतिहास, पत्रकारिता, चरित्रलेखन आणि चक्क साहित्यसमीक्षा यांना 'संशोधन' या व्याख्येतूनच वगळलं, म्हणजे ते काम एखाद्या ठरावीक माणसाबद्दल असेल तेव्हा. त्यामागचं कारण मला पटतं. रक्ताच्या नमुन्यासाठी केलेले नियम आठवणींना लावले की आठवणी गुदमरतात. पण नियमानं सोडलं म्हणून धोका गेला असं होत नाही. शब्दानं माणसाचं काय होऊ शकतं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण एका विद्यापीठाच्या मौखिक इतिहासाचंच आहे, आणि ते विद्यापीठही आपल्या कॉलेजसारखं ख्रिस्ती संस्थेचं आहे.

अमेरिकेतलं बॉस्टन कॉलेज हे जेझुइट फादरांचं विद्यापीठ. उत्तर आयर्लंडमध्ये तीस वर्षं चाललेल्या हिंसाचारात जे प्रत्यक्ष सामील होते, त्यांच्या मुलाखती २००१ पासून तिथल्या 'बेलफास्ट प्रोजेक्ट'साठी ध्वनिमुद्रित केल्या गेल्या. आयआरएचे जुने लोक होते तसे विरुद्ध बाजूचे सशस्त्र गटवालेही होते. हेतू चांगला होता, इतिहास त्या माणसांबरोबर मातीत जाऊ नये. त्यांना सांगितलं गेलं की तुम्ही हयात असेपर्यंत हे कुणाला ऐकवलं जाणार नाही. या भरवशावर माणसं मोकळेपणानं बोलली.

२०१० मध्ये दोन मृत व्यक्तींच्या मुलाखतींवरून पुस्तक निघालं आणि असा संग्रह आहे हे जगाला कळलं. उत्तर आयर्लंडचे पोलीस एका जुन्या खुनाचा तपास करत होते. १९७२ मध्ये बेलफास्टमधून जीन मॅकॉनव्हिल नावाच्या विधवेला, दहा मुलांच्या आईला, आयआरएनं पळवून नेऊन मारलं होतं. २०११ मध्ये अमेरिकी न्यायालयामार्फत टेप्स मागितल्या गेल्या. विद्यापीठ कोर्टात झगडलं, पण काही मुलाखती द्याव्या लागल्या. २०१४ मध्ये जेरी अ‍ॅडम्स यांच्यासारख्या बड्या नेत्याला चार दिवस अटकेत ठेवून चौकशी झाली, मग आरोप न ठेवता सोडलं. आणखी एका वृद्धावर खटला झाला. २०१९ मध्ये न्यायालयानं त्या टेप्स पुरावा म्हणून विश्वासार्ह नाहीत असं ठरवलं आणि तो सुटला. तोवर ज्यांचा आवाज टेपवर होता, त्यांच्यावर आपल्याच गल्लीत 'खबऱ्या' असा शिक्का बसायची भीती होती. बेलफास्टमध्ये त्या शब्दाचा अर्थ काय होतो हे सांगायला नको.

यातली एक बारीक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. प्रकल्प चालवणाऱ्याच्या करारात गुप्ततेच्या हमीला 'अमेरिकी कायदा परवानगी देईल तितपत' अशी मर्यादा घातलेली होती. मुलाखत देणाऱ्यांनी ज्या कागदावर सही केली, त्यात ती ओळ नव्हती. धोका कुठवर आहे हे सांगणारे शब्द संशोधकाच्या बाजूच्या कागदावर राहिले. ज्याला धोका होता त्याच्यापर्यंत ते गेलेच नाहीत.

दुसरी बाजूही आहे, ती टाळून चालणार नाही. मॅकॉनव्हिलबाईंच्या मुलांनी इतकी वर्षं आईला कुणी मारलं हे विचारलं, त्यांचा हक्क लहान कसा म्हणायचा? म्हणून सगळ्या गोष्टी कायम गुप्तच राहिल्या पाहिजेत असं मी म्हणत नाही. जे वचन पाळणं आपल्या हातात नाही ते देऊ नये, एवढंच म्हणते. आम्ही आजीला "काही नाही, कॉलेजचं आहे" म्हटलं, तेही असंच एक वचन होतं. कॉलेजच्या बाहेर जाणार नाही, असाच अर्थ तिनं घेतला. दुसरा कुठला घेणार?

आता नावाबद्दल. वैद्यकीय संशोधनात रक्षण म्हणजे बहुतेक वेळा नाव लपवणं. रुग्ण क्रमांक सात, वय बावन्न. आपल्या कामात हे जसंच्या तसं चालत नाही. एखाद्या बाईनं पन्नास वर्षं जपलेल्या ओव्या घ्यायच्या आणि खाली 'एक वृद्ध स्त्री' असं लिहायचं, यात तिचं रक्षण कुठं झालं? आपल्या नावानं मात्र पेपर छापायचा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज 'पारी' या संकेतस्थळावर त्या वाचता-ऐकता येतात, आणि तिथं गाणाऱ्या बाईचं नाव असतं, गाव असतं, पुष्कळदा फोटोही असतो. ती बाई तिथं कवी म्हणून उभी असते. मी हे पाहिलं तेव्हा गोंधळले. मग बरोबर कुठलं, नाव देणं की लपवणं?

उत्तर शेवटी आजीनंच दिलं. पुढच्या भेटीत मी तिला विचारलं, तर ती क्षणभरही न थांबता म्हणाली, "भावाच्या त्या काढून टाक. बाकीच्याखाली माजं नाव घाल. पुरं नाव घाल." मी वर्षभर ज्यावर डोकं खाजवत बसले होते ते विचारल्याबरोबर सुटलं. आम्ही विचारलंच नव्हतं.

याला आक्षेप आहेत. वर्गात मी हे बोलले तेव्हा ते लगेच आले, आणि ते फालतू नव्हते.

एक मैत्रीण म्हणाली, इतका कागदी घोळ घातला तर खेड्यातलं कोण बोलेल? कागद बघूनच लोक घाबरतात. खरं आहे. आजीही घाबरली होती आणि तिचं घाबरणं योग्य होतं. आयुष्यात तिनं केलेल्या एका सहीनं तिचं शेत गेलं होतं. म्हणूनच मी म्हणते की सही हवीच असं नाही. तिच्या भाषेत सांगावं, तिनं तोंडानं हो म्हणावं, ते 'हो' रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला असावं. समजून दिलेलं ते 'हो' इंग्रजी कागदावरच्या न समजलेल्या सहीपेक्षा कितीतरी खरं आहे.

दुसरा आक्षेप जास्त टोचला. एक मित्र म्हणाला, "म्हणजे भाऊच जिंकला की. तू तिला विचारणार, ती भावाला भिऊन नको म्हणणार, आणि बाईचा आवाज परत दाबला जाणार." बरेच दिवस मला यावर उत्तर सुचत नव्हतं. आजही पूर्ण सुचलंय असं नाही. पण बंड तिचं आहे, त्याची किंमतही तिनंच दिली, लग्नातली भावाची रिकामी जागा तिच्या वाट्याला आली. मला मिळाल्या त्या टाळ्या. दुसऱ्याच्या धाडसावर आपण शूर व्हायचं, हे मला आता पटत नाही. शिवाय ती गप्प नव्हतीच. ती रोज म्हणत होती, कुणासमोर म्हणायचं ते ठरवून म्हणत होती. आम्ही ते ठरवणं तिच्याकडून काढून घेतलं.

आणि 'आम्ही विद्यार्थी, आमचा छोटासा प्रकल्प, त्यानं काय होतंय' हे कृपा करून म्हणू नका. आपल्या हातातला फोन छोटा नाही. त्यात आपण सीमाभागात राहतो. इथं 'घरी कोणती भाषा बोलता?' हा प्रश्नसुद्धा साधा नसतो. मध्यंतरी एक प्रश्नावलीवाला आमच्या दारात आला होता. मराठी बोलणारं कॅथलिक घर म्हणून त्याला आमच्यात रस होता. आईनं आधी विचारलं, "कशासाठी हवंय? कुणाला देणार?" त्याला नीट सांगता येईना, आईनं दार लोटलं. मला तेव्हा आईची लाज वाटली होती. आज वाटतं, त्या दोन प्रश्नांची उत्तरं घरून निघतानाच आपल्या खिशात असायला हवीत.

मग आपल्या विभागानं काय करावं? मला सुचतं ते लिहिते, यात भर घाला, खोडा.

माहितीचं एक पान मराठी, कोंकणी आणि कन्नडमध्ये तयार असावं, मोठ्यानं वाचून दाखवता येईल एवढंच. परवानगी एकदाच सरसकट न घेता वेगवेगळी घ्यावी: ऐकू का, रेकॉर्ड करू का, वर्गात ऐकवू का, मासिकात छापू का, इंटरनेटवर टाकू का, नाव घालू का. एकाला हो म्हटलं म्हणजे पुढच्याला हो झालं असं धरू नये. रेकॉर्डिंग विभागाच्या एका ठिकाणी राहावं, वर्गाच्या ग्रुपवर कधीच जाऊ नये. प्रकल्प जमा करायच्या आधी ज्याच्याकडून घेतलं त्याला परत ऐकवावं आणि तोवर काहीही मागे घ्यायची मुभा असावी. या परतभेटीला प्रकल्पात स्वतंत्र गुण असावेत, कारण गुण नसले तर आपण जाणार नाही, हे आपण एकमेकांना ओळखून आहोत. दोन शिक्षक, एक विद्यार्थी आणि कॉलेजबाहेरचं एक माणूस अशी लहान समिती असावी, आठवड्याभरात उत्तर देणारी. बाहेरचं माणूस शक्यतो असं असावं ज्याच्याकडे कुणीतरी कधीतरी प्रश्न घेऊन गेलंय.

हे सगळं केलं तरी चुका होतील. क्लिप एकदा गेली की परत बोलावता येत नाही. मी ग्रुपवर सगळ्यांना ती पुसायला सांगितली, बहुतेकांनी 'डन' म्हणून अंगठा टाकला, खरंच किती जणांनी पुसली माहीत नाही. आजीच्या भावाकडे जाऊन माफी मागायचं माझ्या मनात होतं. आजीनंच अडवलं, "आता आनी न्हको."

हा लेख लिहायच्या आधी मी तिला विचारलं. ती म्हणाली, लिही, पण आधी मला वाचून दाखव. ओळख पटेल असे दोन-तीन तपशील मी बदलले, गावाचं नाव घातलं नाही, आणि परवा रविवारी मावशीच्या फोनवरून तिला सगळा लेख वाचून दाखवला. इंग्रजी नावांच्या ठिकाणी ती नुसतंच "हां" म्हणत होती. जीन मॅकॉनव्हिलच्या दहा मुलांपाशी तिनं थांबवलं आणि ती पोरं पुढं कुठं वाढली म्हणून विचारलं. आईला नेल्यावर भावंडांची ताटातूट झाली, लहानग्यांना अनाथालयांत ठेवलं गेलं, असं मी सांगितलं. तिच्याबद्दलच्या भागातलं एक वाक्य तिनं काढायला सांगितलं. मला ते फार आवडलेलं होतं.

काढलंय.